संगणकीय ग्रंथतालिका आणि तालुक्याच्या गावचा वाचक

ग्रंथालयात कोणते ग्रंथ आहेत, ते कोणी लिहिले आहेत, कोणत्या विषयाचे आहेत आणि ते कपाटात नेमके कोठे सापडतील, हे सांगणारी पद्धतशीर यादी म्हणजे ग्रंथतालिका होय. महाराष्ट्रातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत ही यादी दीर्घकाळ जाड नोंदवह्यांच्या, छापील पुस्तिकांच्या किंवा लाकडी खणांत ओळीने लावलेल्या तालिकापत्रांच्या रूपात वापरली गेली. आता ती संगणकावर आणि मोबाइलवर दिसू लागली आहे, आणि घरबसल्या कोणालाही पाहता येईल अशा या तालिकेला ग्रंथालयशास्त्रात ‘ओपॅक’, म्हणजे वाचकांसाठी खुली असलेली संगणकीय तालिका, असे म्हणतात. हा बदल ग्रंथालयाच्या दृष्टीने स्वागतार्ह असला, तरी वर्षानुवर्षे एका सवयीने पुस्तक मागणाऱ्या वाचकाला तो आपोआप सोयीचा होत नाही. म्हणून तो सोयीचा कसा करावा याचा विचार ग्रंथपाल, कार्यकारी मंडळ आणि स्वतः वाचक या तिघांनीही करणे आवश्यक ठरते. नागपूर-अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) या वर्धा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावाचा वाचकवर्ग डोळ्यांसमोर ठेवून पुढील मार्गदर्शन केले आहे. तथापि त्यातील बहुतेक सूचना महाराष्ट्रातील कोणत्याही लहान ग्रंथालयास लागू पडतील.

तालिका बदलते तेव्हा नेमके काय बदलते

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ या कायद्याने राज्यातील सार्वजनिक ग्रंथालयांना शासनमान्यता व अनुदान यांची चौकट मिळाली आणि ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशी त्यांची वर्गवारी रूढ झाली. या ग्रंथालयांतील फार मोठा भाग खेड्यांत आणि तालुक्यांच्या गावी असून तेथे एखादा ग्रंथपाल, एखादा लिपिक किंवा निर्गम सहायक आणि एखादा शिपाई एवढ्याच मनुष्यबळावर सगळा कारभार चालतो. अशा ठिकाणी खरी तालिका पुष्कळदा ग्रंथपालाच्या स्मरणातच असते. वाचकाने पुस्तकाचे अर्धवट नाव सांगावे, मुखपृष्ठाचा रंग सांगावा किंवा मागच्या वेळी नेलेल्या कादंबरीचा पुढचा भाग मागावा, आणि ग्रंथपालाने क्षणभर विचार करून नेमक्या कपाटाकडे जावे, ही पद्धत वाचकाला आपलेपणाची वाटते. संगणक मात्र टंकलेली अक्षरे आणि साठवलेली अक्षरे यांची फक्त तुलना करतो. ती जुळली तर नोंद दाखवतो, न जुळली तर काहीच दाखवत नाही. वाचकाच्या मनात काय आहे हे त्याला उमगत नाही, आणि नव्या तालिकेविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका फरकात आहे.

या कामासाठी ग्रंथालये निरनिराळ्या संगणकप्रणाली वापरतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र या केंद्र शासनाच्या संस्थेने विकसित केलेली ‘ई-ग्रंथालय’ ही त्यांतील एक प्रमुख प्रणाली आहे. तर न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० सालापासून वापरात असलेली ‘कोहा’ ही मुक्तस्रोत, म्हणजे परवाना-शुल्काविना वापरता व सुधारता येणारी, प्रणाली जगभर पसरली आहे. प्रणाली कोणतीही असली तरी तिच्यातील नोंदीचे घटक आणि शोधाचे मार्ग जवळपास सारखेच असतात. त्यामुळे एका ठिकाणी शिकलेले कौशल्य वाचकाला जिल्ह्याच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातही उपयोगी पडते.

तालिकेकडून काय अपेक्षावे, याचे उत्तर चार्ल्स कटर या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्येच दिले होते. लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकी एक गोष्ट ठाऊक असली तरी वाचकाला ग्रंथ सापडला पाहिजे, एखाद्या लेखकाचे अथवा विषयाचे ग्रंथालयात काय काय आहे ते त्याला कळले पाहिजे आणि त्यांतून निवड करण्यास त्याला मदत झाली पाहिजे, असा त्याच्या मांडणीचा आशय आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतही वाचकाच्या वेळेच्या बचतीला स्वतंत्र स्थान आहे. या दोन कसोट्या लावल्या, तर शोध फसण्याचे प्रसंग वाचकाच्या अज्ञानाचे नसून तालिकेतील उणिवेचे असतात हे स्पष्ट होते, आणि नव्या तालिकेचे सर्व प्रशिक्षण याच भूमिकेवर उभारले पाहिजे.

पडद्यावरील नोंद कशी वाचावी

वाचकाला सर्वप्रथम एका ग्रंथाची पडद्यावरील नोंद शांतपणे वाचायला शिकवावे, कारण शोधण्यापेक्षा ओळखणे सोपे असते. नोंदीत शीर्षक, लेखक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, आवृत्ती आणि पृष्ठसंख्या यांच्याबरोबर काही क्रमांक असतात, आणि नवख्या वाचकाचा गोंधळ बहुधा या क्रमांकांमुळेच होतो. ‘दाखल क्रमांक’ हा ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक प्रतीला आगमनाच्या क्रमाने दिलेला क्रमांक असतो. म्हणून एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर दाखल क्रमांकही तीन असतात. ‘वर्गांक’ हा ग्रंथाच्या विषयाचा क्रमांक असतो. ड्युई दशांश वर्गीकरण ही १८७६ मधील पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात मराठी साहित्याला ८९१.४६, त्यातील कथा-कादंबऱ्यांना ८९१.४६३ आणि फळबागांच्या शास्त्राला ६३४ असा वर्गांक मिळतो. वर्गांकाला लेखकाच्या नावावरून ठरवलेले चिन्ह जोडले की ‘बोधांक’ तयार होतो, आणि पुस्तकाच्या पाठीवरील चिठ्ठीवर तोच लिहिलेला असल्यामुळे कपाटापर्यंत नेणारा खरा पत्ता बोधांकच असतो. अनेक लहान ग्रंथालयांत दशांश वर्गीकरणाऐवजी कादंबरी, कथा, नाटक, चरित्र असे गट पाडून त्या-त्या गटात चढते क्रमांक दिलेले असतात. तेथे गटाचे आद्याक्षर आणि क्रमांक यांनाच पत्ता मानावे. नव्या पुस्तकांवर छापलेला ‘आयएसबीएन’ हा आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथ क्रमांक २००७ पासून तेरा अंकी झाला असून तो टंकल्यास नेमकी तीच आवृत्ती सापडते; मात्र जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतो, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबता येत नाही.

नोंदीतील ‘सद्यःस्थिती’ हा रकाना वाचकाच्या सर्वांत उपयोगाचा असतो. ‘उपलब्ध’ याचा अर्थ प्रत कपाटात असली पाहिजे. ‘निर्गमित’ याचा अर्थ ती दुसऱ्या सभासदाने घरी नेली आहे. ‘संदर्भासाठी’ याचा अर्थ ती ग्रंथालयातच बसून वाचता येईल. आणि ‘बांधणीसाठी’ याचा अर्थ ती दुरुस्तीस गेली आहे. पुस्तक निर्गमित दिसल्यास वाचकाने निराश होऊन परत न जाता ते राखून ठेवण्याची विनंती नोंदवावी, कारण जुन्या पद्धतीत तोंडी सांगून विसरली जाणारी मागणी संगणकीय तालिकेत तारखेनिशी टिकून राहते.

मराठी शब्दांचा शोध

इंग्रजीसाठी घडलेल्या शोधप्रणालीत मराठी शब्द टंकताना येणाऱ्या अडचणी वाचकांना आधी समजावून सांगणे हा प्रशिक्षणाचा गाभा आहे. पहिली अडचण ऱ्हस्व-दीर्घाची आहे. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही १९६७ मधील कादंबरी अनेक वाचक ‘मृत्यूंजय’ अशी टंकतात, आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ‘स्मृतीचित्रे’ अशी शोधली जाते. वि. स. खांडेकरांच्या, १९७४ चे ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या कादंबरीचे छापील नाव ‘ययाति’ असे आहे. परंतु मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, त्यांनुसार शब्दाच्या अखेरचा इकार दीर्घ लिहिण्याची सवय लागलेला वाचक साहजिकच ‘ययाती’ टंकतो. येथे वाचकाचे लेखन नियमाला धरूनच असते, तरीही संगणक ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर देतो. त्याच नियमांपूर्वी छापलेल्या पुस्तकांच्या नावांत आज न लिहिले जाणारे अनुस्वारही आढळतात, आणि त्यामुळे जुनी पुस्तके शोधताना हा गुंता आणखी वाढतो.

यावर वाचकासाठी सर्वांत सोपा उपाय असा, की शीर्षकातील संशयास्पद भाग टंकूच नये. अनेक प्रणालींत शब्दाचा आरंभ लिहून पुढे तारकाचिन्ह दिले, की त्या आरंभाचे सर्व शब्द सापडतात. त्यामुळे ‘ययात’ एवढे लिहून तारका दिली तर दोन्ही लेखनांतील नोंदी येऊ शकतात. जेथे ही सोय नाही तेथे शीर्षकातील दुसरा, निःसंदिग्ध लेखनाचा शब्द घ्यावा किंवा लेखकाचे आडनाव टंकून त्याच्या सर्व पुस्तकांची यादी पाहावी. डॉ. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ शोधताना ‘आन्’ मधील पाय मोडलेल्या ‘न’ने अडून बसण्यापेक्षा ‘बाप’ आणि ‘जाधव’ हे दोन शब्द पुरेसे ठरतात. थोडक्यात, पूर्ण शीर्षक टंकण्यापेक्षा शीर्षकातील एक ठळक शब्द आणि लेखकाचे आडनाव एकत्र देणे हा मराठी तालिकेतील शोधाचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती अधिक त्रासदायक ठरते. संगणकातील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’ या जागतिक प्रमाणात ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये आले. त्यापूर्वी आणि पुष्कळदा आजही ‘अ’वर चंद्र जोडून तेच अक्षर उमटवले जाते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती भिन्न असतात. ‘वऱ्हाड’ किंवा ‘ऱ्हास’ यांतील अर्धा ‘र’ही असाच एकाहून अधिक प्रकारांनी टंकला जातो, आणि वऱ्हाडाच्या वेशीवरच्या या तालुक्यात हा शब्द शोधण्याचा प्रसंग वारंवार येणार हे उघड आहे. सालांचे आकडे देवनागरीत नोंदवले आहेत की इंग्रजी अंकांत, यावरही शोधाचे फळ अवलंबून असते. जुन्या संगणकांवर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत केलेल्या नोंदी नव्या प्रणालीत रूपांतर न करता आणल्या गेल्या, तर त्या निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतात. अशा नोंदी वाचकाच्या कोणत्याही शोधाला दाद देत नाहीत, म्हणून त्यांचे रूपांतर करून घेणे हे तालिका खुली करण्यापूर्वीचे पहिले काम समजावे.

टंकलेखनाची सवय नसलेल्यांसाठी मोबाइलवरील बोलून टंकण्याची सोय फार उपकारक आहे. विशेषतः ज्येष्ठ वाचक ती लवकर आत्मसात करतात. मात्र स्थानिक बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ उच्चारला जातो आणि यंत्र त्याच उच्चाराप्रमाणे अक्षर उमटवू शकते; म्हणून बोलून झाल्यावर उमटलेला शब्द एकदा वाचून पाहण्याची सूचना द्यावी. बोलीचा उच्चार हा दोष नव्हे, हेही त्याच वेळी स्पष्टपणे सांगावे, कारण आपले बोलणे अशुद्ध ठरले असे वाटलेला वाचक पुन्हा त्या संगणकाकडे वळत नाही.

लेखकांची नावे आणि गावांची नावे

तालिकेत लेखकाची नोंद सामान्यतः आडनाव प्रथम या क्रमाने होते, म्हणून ‘वि. स. खांडेकर’ हे नाव ‘खांडेकर, वि. स.’ असे दिसते. आद्याक्षरांमध्ये बिंदू आहे की नाही, मोकळी जागा सोडली आहे की नाही, यामुळेही शोध चुकू शकतो. त्यामुळे केवळ आडनाव टंकून येणाऱ्या यादीतून निवड करणे इष्ट. टोपणनावांची अडचण याहून मोठी आहे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी, कवी अनिल आणि आत्माराम रावजी देशपांडे, ग्रेस आणि माणिक गोडघाटे ही एकाच व्यक्तीची दोन नावे आहेत हे जाणकार वाचकाला ठाऊक असते, पण तालिकेला ते मुद्दाम सांगावे लागते. कारंजापासून नागपूर-अमरावती महामार्गाने अमरावतीकडे गेल्यावर लागणाऱ्या मोझरीत ज्यांचा गुरुकुंज आश्रम आहे, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे ग्रंथ कोणी ‘तुकडोजी’ या नावाखाली शोधील, कोणी ‘राष्ट्रसंत’ या शब्दाने, तर एखाद्या तालिकेत ते ‘इंगळे, माणिक बंडोजी’ या मूळ नावाखालीही नोंदलेले असू शकतील. ‘गीताई’चे कर्ते विनोबा हे ‘विनोबा’, ‘विनोबा भावे’ आणि ‘भावे, विनायक नरहरी’ या तीन ठिकाणी विभागले गेले, तर त्यांच्या पवनारच्या आश्रमाच्या इतक्या जवळ असूनही वाचकाला त्यांच्या साहित्याचा एक तुकडाच दिसेल. यासाठी प्रत्येक लेखकाचे एक नाव प्रमाण मानून इतर नावांवरून तिकडे निर्देश करण्याची पद्धत ग्रंथालयशास्त्रात आहे. जुन्या तालिकापत्रांवर ‘पाहा’ या शब्दाने होणारे काम संगणकीय तालिकेत याच नामप्रमाणीकरणाने साधते. १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची शीर्षके आणि लेखकनामे पडताळण्यासाठी शंकर गणेश दाते यांनी अपार परिश्रमाने सिद्ध केलेली द्विखंडी ‘मराठी ग्रंथसूची’ हा आजही मोलाचा आधार आहे.

स्थलनामांचा गुंता तर या गावाच्या नावापासूनच सुरू होतो. केवळ ‘कारंजा’ असे टंकल्यास वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या गावाविषयीची, श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून त्याच्यावर लिहिलेली पुस्तकेही येतील, आणि वर्धा जिल्ह्यातील कारंजाविषयी माहिती शोधणारा विद्यार्थी गोंधळेल. म्हणून येथील तालिकेत स्थलनाम नोंदवताना ‘कारंजा (घाडगे)’ असे पूर्ण लिहून सोबत जिल्ह्याचे नाव द्यावे, आणि वाचकानेही ‘कारंजा’ व ‘वर्धा’ हे दोन शब्द एकत्र टंकावेत. सेवाग्रामचे उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. गांधीजी १९३६ मध्ये तेथे राहावयास आले तेव्हा त्या गावाचे नाव सेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावाशी गल्लत होऊन टपाल चुकीच्या ठिकाणी जाऊ लागल्यामुळे १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. त्यामुळे १९४० पूर्वीचे साहित्य शोधणाऱ्याने जुन्या नावानेही शोध घेतला पाहिजे.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने प्रशासकीय इतिहासही ध्यानात घ्यावा. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला, तो मध्यप्रांतात होता आणि वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाड हा त्याहून वेगळा प्रदेश होता. पुढे १९५६ मध्ये हा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. म्हणून जुन्या ग्रंथांसाठी ‘महाराष्ट्र’ किंवा ‘विदर्भ’ या शब्दांनी शोध घेऊन थांबू नये, ‘मध्यप्रांत’ आणि ‘नागपूर प्रांत’ हेही शब्द वापरून पाहावेत. १९०६ मध्ये रसेल यांच्या संपादनाखाली निघालेले वर्धा जिल्ह्याचे गॅझेटियर आणि त्यानंतर महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले गॅझेटियर हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत, त्यामुळे त्यांचा शोध रोमन लिपीत घ्यावा लागतो.

विषयावरून शोध

लेखक किंवा शीर्षक ठाऊक नसलेला वाचक विषयावरून शोध घेतो, आणि तालुक्याच्या गावी अशा वाचकांची संख्या मोठी असते. संत्र्याच्या बागेतील रोगावर पुस्तक हवे असलेला शेतकरी ‘डिंक्या’ किंवा ‘कोळशी’ असा शब्द टंकील, परंतु पुस्तकाचे शीर्षक ‘लिंबूवर्गीय फळझाडे’ अशा धाटणीचे असेल, तर शीर्षकावरील शोधात ते येणार नाही. अशा वेळी वाचकाने आपला प्रश्न आधी नेमक्या शब्दात, नंतर त्याहून व्यापक शब्दात आणि शेवटी विषयाच्या नावाने, म्हणजे प्रथम ‘डिंक्या’, मग ‘संत्रा’ अथवा ‘संत्री’, मग ‘लिंबूवर्गीय’ आणि अखेरीस ‘फळबाग’ असा उतरंडीने विचारावा. एक योग्य पुस्तक सापडले की त्याच्या नोंदीतील विषयशीर्षकावर किंवा वर्गांकावर बोट ठेवावे. त्याच विषयाची इतर पुस्तके तेथून पुढे येतात. ग्रंथपालाने आपल्या बाजूने प्रत्येक शेतीविषयक पुस्तकाच्या नोंदीत मृग बहार, आंबिया बहार, डिंक्या असे शेतकऱ्यांच्या तोंडी असलेले शब्द विषयशब्द म्हणून भरावेत. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी ‘तलाठी’, ‘पोलीस भरती’, ‘राज्यसेवा’ हे शब्द असेच भरावेत आणि पुस्तकाचे प्रकाशनवर्ष ठळक दिसेल अशी व्यवस्था करावी, कारण या वाचकाच्या दृष्टीने जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती ही दोन वेगळी पुस्तके असतात.

वाचकांना शिकवावे कसे

सभागृहात सर्वांना बसवून तासभर व्याख्यान देणे ही नव्या तालिकेची ओळख करून देण्याची सर्वांत कमी परिणामकारक पद्धत होय. वाचक स्वतःला हवे असलेले पुस्तक शोधताना जे शिकतो तेच त्याच्या लक्षात राहते. म्हणून देवघेव विभागाजवळ वाचकांसाठी स्वतंत्र संगणक ठेवून तेथे येणाऱ्या प्रत्येकाच्या प्रत्यक्ष मागणीवरच शिकवण द्यावी. शिकवणाऱ्याने कळफलक स्वतःच्या हाती घेऊ नये, शेजारी बसून शब्द सुचवावेत आणि टंकण्याचे काम वाचकाकडूनच करून घ्यावे. एका भेटीत एकच गोष्ट शिकवावी: पहिल्या वेळी आडनावाने शोध, दुसऱ्या वेळी सद्यःस्थिती पाहणे, तिसऱ्या वेळी पुस्तक राखून ठेवणे किंवा मुदतवाढ घेणे, असा क्रम ठेवल्यास घाई होत नाही.

खेड्यांतून येणारे सभासद आठवडी बाजाराच्या दिवशी अधिक संख्येने येतात, त्यामुळे त्या दिवशी मदतीसाठी एक जास्तीचा स्वयंसेवक असावा. महाविद्यालयीन विद्यार्थी हे काम उत्तम रीतीने करू शकतात. त्यांना आधी वरील अडचणींची नीट माहिती देऊन ज्येष्ठ वाचकांशी अदबीने आणि न कंटाळता बोलण्याची सूचना द्यावी. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे दिवस शाळांतील मुलांना तालिकेवर पुस्तक शोधायला लावण्यासाठी योग्य आहेत, कारण घरी जाऊन आईवडिलांना आणि आजी-आजोबांना शिकवणारी हीच मुले असतात. संगणकाशेजारी मोठ्या अक्षरांत एकच पान लावावे आणि त्यावर तीन-चार वाक्यांत शोधाची रीत द्यावी. अनेक पानांची माहितीपुस्तिका कोणी वाचत नाही. तालिकेचा पत्ता क्यूआर कोडच्या रूपात छापून दर्शनी भागात लावल्यास मोबाइलधारकांना तो टंकण्याची गरज उरत नाही.

न सापडलेल्या पुस्तकांची नोंदवही

नवी तालिका सुधारण्याचे सर्वांत प्रभावी साधन साधे आणि बिनखर्चाचे आहे. संगणकाशेजारी एक वही ठेवावी आणि ज्या वाचकाचा शोध निष्फळ ठरला त्याने टंकलेला शब्द, त्याला हवे असलेले पुस्तक आणि तारीख एवढेच तीत लिहावे. लिहिता न येणाऱ्याच्या वतीने कर्मचाऱ्याने लिहावे. आठवड्यातून एकदा ग्रंथपालाने ही वही घेऊन बसावे आणि प्रत्येक नोंदीचे कारण शोधावे. पुस्तक ग्रंथालयात असूनही सापडले नसेल, तर वाचकाने वापरलेले लेखन पर्यायी शीर्षक म्हणून किंवा विषयशब्द म्हणून त्या नोंदीत जोडावे. एकाच लेखकाची दोन नावे वेगळी राहिली असतील तर ती जोडावीत. नोंदीत टंकलेखनाची चूक असेल तर ती दुरुस्त करावी. आणि पुस्तक ग्रंथालयात नसेलच, तर ते खरेदीच्या यादीत घालावे. या पद्धतीने ‘ययाती’ टंकणारा पहिला वाचक निराश झाला तरी दुसऱ्या वाचकाला ‘ययाति’ निश्चित मिळते. वाचकांचे शब्द असे तालिकेत मुरत गेले, म्हणजे ती परक्या यंत्राची यादी न राहता त्या गावाची तालिका बनते.

संक्रमणकाळातील दक्षता

जुनी तालिका नव्या तालिकेच्या उद्घाटनादिवशीच हटवू नये. सर्व ग्रंथांच्या नोंदी संगणकात येईपर्यंत तालिकापत्रे आणि दाखल नोंदवह्या वाचकांना उपलब्ध असाव्यात, आणि कोणत्या गटाच्या नोंदी पूर्ण झाल्या व कोणत्या बाकी आहेत हे फलकावर लिहावे. तसे न केल्यास पडद्यावर न दिसणारे पुस्तक ग्रंथालयात नाहीच असा समज पसरतो. वीज किंवा इंटरनेट खंडित झाल्यास काम अडू नये म्हणून सर्वाधिक मागणीच्या पुस्तकांची छापील यादी ठेवावी आणि नोंदींची प्रत नियमितपणे वेगळ्या ठिकाणी साठवावी. ग्रंथपालाच्या तोंडी मदतीचा हक्क कायम राहील हेही जाहीर करावे, कारण दृष्टी अधू झालेल्या किंवा अक्षरओळख कमी असलेल्या सभासदाला संगणकाची सक्ती करणे म्हणजे त्याला ग्रंथालयाबाहेर काढणेच होय.

सभासदाचे खाते तालिकेशी जोडलेले असते, तेथे काही काळजी वाचकानेही घ्यावी. सुरुवातीला मिळालेला पासवर्ड पुष्कळदा सभासद क्रमांक किंवा जन्मतारखेवर आधारलेला असतो. तो लगेच बदलावा आणि सार्वजनिक संगणकावर काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडावे. कोण काय वाचतो ही त्या वाचकाची खासगी बाब आहे, म्हणून ग्रंथालयानेही देवघेवीच्या नोंदी इतरांना दिसणार नाहीत याची खबरदारी घ्यावी.

स्थानिक तालिकेत न सापडणाऱ्या गोष्टींसाठी वाचकाला पुढचे मार्गही दाखवावेत. मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने ई-पुस्तकांच्या रूपात खुली केली आहेत, आणि खरगपूरच्या आयआयटीने विकसित केलेल्या भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात असंख्य ग्रंथांचा शोध एकाच ठिकाणी घेता येतो. येथेही आडनाव, एक ठळक शब्द आणि पर्यायी लेखन हीच शोधाची रीत उपयोगी पडते.

नव्या तालिकेचे यश संगणकांच्या संख्येवरून किंवा नोंदींच्या आकड्यावरून ठरत नाही. शेतातून, शाळेतून किंवा बाजारातून आलेला वाचक कोणत्याही संकोचाशिवाय आपले पुस्तक शोधून घरी नेऊ शकतो की नाही, एवढ्यावरच ते ठरते. म्हणून कारंजा (घाडगे) आणि परिसरातील वाचकांनी पुढच्या भेटीत एक पुस्तक स्वतः तालिकेवर शोधून पाहावे, ते न सापडल्यास गप्प न राहता वहीत तसे लिहावे, आणि ग्रंथालयाच्या कार्यकर्त्यांनी त्या प्रत्येक ओळीला आठ दिवसांच्या आत उत्तर द्यावे.